कुट्टीतला धोतरा, बेवडातला ताग

मोकळं चरणारं जनावर धोतऱ्याला सहसा तोंड लावत नाही, त्याचा उग्र वासच त्याला लांब ठेवतो. विषबाधा होते ती गोठ्यात, दावणीला. मक्यात उगवलेला धोतरा वैरणीबरोबर कापला जातो, कडबाकुट्टीतून बारीक होऊन निघतो, वर पेंड पडते आणि गाईला निवडून खायची सोयच उरत नाही. कराड-वाळव्याकडे आता मुरघासही बराच होतो. आंबवण झाली म्हणजे विष मेलं, असं समजू नका. धोतऱ्यातली अल्कलॉइडं, म्हणजे झाडात बनणारी विषारी द्रव्यं, मुरघासात बऱ्याच अंशी टिकतात आणि वाळवूनही जात नाहीत. बोंडं धरायच्या आत धोतरा उपटून शेताबाहेर काढायचा, दुसरा खात्रीचा उपाय नाही.

त्यात ॲट्रोपीन, हायोसायमीन आणि स्कोपोलामीन असतं. लाळ सुटणं, आतडं हलणं, बाहुली बारीक होणं, लघवी होणं यांचे निरोप शरीरात ॲसिटाइलकोलीन पोचवतं. ही अल्कलॉइडं नेमकी त्याची जागा अडवून बसतात. त्यामुळे गाईची नाकपुडी कोरडी पडते, बाहुली मोठी होते आणि उजेडात नेलं तरी आकसत नाही, रवंथ थांबतो. डाव्या भकाळीत, म्हणजे बरगड्यांमागच्या खोलगट जागेत, मूठ दाबून धरली तर निरोगी गाईत दोन मिनिटांत दोन-तीन लाटा हाताला लागतात. इथे हात तसाच राहतो आणि पोट फुगत जातं.

अशा वेळी नळ्यानं गोडेतेल पाजायची घाई होते, तीच जिवावर बेतते. घसा कोरडा, गिळायची ताकद गेलेली, तेल सरळ फुफ्फुसात उतरतं. धोतऱ्यातून वाचलं असतं ते जनावर मग न्यूमोनियानं जातं. पशुवैद्यक पोटात नळी घालून औषधी कोळसा देतात, वजनाच्या दर किलोला एक ते तीन ग्रॅम. म्हणजे चारशे किलोच्या गाईला किमान चारशे ग्रॅम. चुलीतला कोळसा कुटून घातला तर त्याचं काम होत नाही. १९६२ या पशुवैद्यकीय मदतीच्या नंबरला फोन करा आणि डॉक्टर येईपर्यंत तोंडावाटे काही पाजू नका. बरी होईपर्यंत त्या गाईचं दूध घरातही नको आणि वासरालाही नको.

माणसात धोका बियांचा जास्त. एका बीत साधारण ०.१ मिलीग्रॅम ॲट्रोपीन धरतात. दवाखान्यातल्या इंजेक्शनची नेहमीची मात्रा ०.६ मिलीग्रॅम असते. हिशेब करा, आणि एका काटेरी बोंडात बिया शेकड्यांनी असतात. रोग्याचं अंग तापतं पण घामाचा टिपूस नाही, चेहरा लाल, छातीत धडधड, लघवी तुंबलेली. तो असंबद्ध बडबडतो, हवेतलं काहीतरी चिमटीत पकडतो, पांघरूण खुडत बसतो. बाहेरची बाधा म्हणून अंगारा लावण्यात हातचे तास जातात.

तासगाव-मिरजेच्या द्राक्षपट्ट्यात आणखी एक गफलत संभवते. बागेतून आणलेला भ्रमिष्ट माणूस म्हणजे फवारणीचं औषध बाधलं, असं नातेवाईक सांगून मोकळे होतात. ऑरगॅनोफॉस्फरस कीटकनाशकाच्या बाधेवर उतारा असतो ॲट्रोपीनचाच! धोतरा खाल्लेल्याला तो दिला तर विषात भर पडते. फरक उघड्या डोळ्यांनी दिसतो: कीटकनाशकात बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, लाळ गळते, घाम फुटतो, धोतऱ्यात बाहुली मोठी आणि सगळं कोरडं. डॉक्टरांना ऐकीव अंदाज सांगू नका, प्रत्यक्ष काय दिसलं ते सांगा.

तागाचं विष याच्या उलट, चोरपावलानं येणारं. उसाआधी बेवडाला, म्हणजे जमिनीचा कस वाढवायला, ताग पेरून फुलोऱ्यात गाडणं उत्तमच आहे. पण वैरण टंचाईत तोच ताग, किंवा बांधावरचा त्याच्याच जातकुळीतला खुळखुळा, गव्हाणीत येतो. यातली पायरोलिझिडीन अल्कलॉइडं मुळात तितकी घातक नसतात. यकृत त्यांचं रूपांतर करायला जातं आणि त्यातून जे बनतं ते यकृताच्याच पेशी जाळतं. जनावर खंगतं, कावीळ होते, पोटात पाणी धरतं, तेही कित्येक आठवड्यांनी किंवा महिन्यांनी. तोवर तागाचं कुणाच्या लक्षातही नसतं. उतारा नाही. शेळ्या-मेंढ्या गाई-घोड्यांपेक्षा जास्त सोसतात, म्हणून शेळीला काही झालं नाही हा पुरावा धरू नका. बियांत प्रमाण सगळ्यात जास्त, तेव्हा शेंगा धरलेला ताग वैरणीत अजिबात नको.

पाटण, जावळी, शिराळ्याच्या डोंगराकडेला पावसाळ्यात कळलावी फुलते. तिचा कंद रताळं किंवा करांदा समजून उकडला तरी त्यातलं कोल्चिसीन हे विष तसंच राहतं. पहिले काही तास काहीच होत नाही, मग उलट्या-जुलाब सुरू होतात. सलाईननं बरं वाटतं आणि रोगी घरी जायला निघतो. त्याला जाऊ देऊ नका. कोल्चिसीन पेशींचं विभाजन थांबवतं. मूत्रपिंड, हृदय, अस्थिमज्जा यांचे हाल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसू लागतात.

दवाखान्यात जाताना झाडाचं नुसतं पान नेऊन भागत नाही. फूल, बोंड, कंद असं असेल ते अख्खं झाड घ्या, गव्हाणीत उरलेली मूठभर कुट्टी घ्या, कागदी पिशवीत. प्लॅस्टिकमध्ये ती घामेजून सडते. किती वाजता खाल्लं तेही लिहून न्या.