पेंचच्या कडेला सिग्नल मोजताना

ड्राइव्ह टेस्टचं, म्हणजे गाडी फिरवत मोबाइलचं नेटवर्क मोजायचं काम दिसायला साधं. गाडीत लॅपटॉप, त्याला जोडलेले टेस्ट हँडसेट, टपावर जीपीएस आणि स्क्रीनवर गाडीमागे उमटत जाणारे रंगीत ठिपके. हिरवा म्हणजे सिग्नल चांगला, लाल म्हणजे वाईट, काळा म्हणजे नाहीच. नागपूरहून जबलपूर रोडने मनसर, देवलापार गाठून पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या बाजूला आत वळलं की हिरव्याचं लाल कुठे होणार, हे मला आता पाठ आहे.

२४ डिसेंबर २०२५ ला आम्ही त्याच रस्त्यावर होतो. सकाळी नऊच्या जरा आधी श्रीहरिकोट्याहून इस्रोचं एलव्हीएम-३ रॉकेट उडालं. देवलापारला चहाच्या टपरीवर फोर-जी चांगलं मिळतं, तिथेच थांबून आम्ही ते फोनवर बघितलं. त्यात होता एएसटी स्पेसमोबाइल या अमेरिकन कंपनीचा ब्लूबर्ड ब्लॉक-२. वजन सुमारे ६१०० किलो, भारतातून सोडलेला तोवरचा सर्वांत जड उपग्रह. खिशातल्या साध्या मोबाइलशी त्याने थेट बोलायचं आहे. उपग्रह रॉकेटपासून वेगळा झाला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या, टपरीवाले काका बघतच राहिले.

तासाभराने जंगलाच्या कडेला, जिथे सिग्नल उणे १२० डीबीएमच्याही खाली, म्हणजे जवळजवळ नाहीसाच होतो, अशा एका नाल्याजवळ, गस्तीवरचे वनरक्षक दादा भेटले. सकाळची बातमी त्यांनीही ऐकली होती. खिशातून तडा गेलेला फोन काढून म्हणाले, "मॅडम, ते सॅटेलाइटवालं माह्या ह्याच फोनवर चालन का?"

मी गाडीतून उतरले. हा प्रश्न घाईत उरकण्यासारखा नव्हताच.

फोर-जीवर फोन साधारण २०० मिलिवॅट ताकदीनेच बोलतो. ते ५२० किलोमीटरवर ऐकू यायचं तर कान प्रचंड हवा, म्हणून या उपग्रहाचा अँटेना उलगडल्यावर २२३ चौरस मीटरचा. दुसरी अडचण अंतराची, म्हणजे त्यामुळे सिग्नल पोचायला होणाऱ्या उशिराची. जुन्या टू-जी टॉवरला साधारण ३५ किलोमीटरपलीकडचा फोन जुळवून घेता येत नाही, फोर-जीला १०० च्या. तिसरी वेगाची. उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटर पळतो, म्हणजे नागपूर ते रामटेक सहा-सात सेकंदांत. त्या धावण्याने लहरींची वारंवारता वीसेक किलोहर्ट्झपर्यंत सरकू शकते, आणि फोर-जी ज्या अनेक बारीक लहरींवर माहिती वाटून पाठवतं, त्या उपवाहक लहरी एकमेकींपासून १५ किलोहर्ट्झवरच असतात. हा उशीर आणि ही सरक उपग्रहाच्या बाजूची यंत्रणा आधीच हिशेबात धरून दुरुस्त करते. फोनला वाटतं, समोर नेहमीचाच टॉवर आहे. म्हणून फोन बदलावा लागत नाही. २०२३ मध्ये याच कंपनीच्या ब्लूवॉकर-३ वरून टेक्सासमधल्या साध्या सॅमसंगवरून जपानला बोलणं झालंही होतं.

"म्हणजे चालन," दादा म्हणाले.

चालेल, पण आज नाही, हेही मी सांगितलं. एक उपग्रह दहा-बारा मिनिटांत क्षितिजाआड जातो, अखंड सेवेला कितीतरी लागतील. आपल्याकडे परवानग्या वेगळ्याच, इथे सॅटेलाइट फोन बाळगायलाही परवाना लागतो. शिवाय सागाच्या दाट पानांखाली किंवा छपराखाली हा क्षीण सिग्नल पोचेलच असं नाही, मोकळ्यावर यावं लागेल.

"बोलणं नाही झालं तरी चालन. नुसता मेसेज गेला पाहिजे, का मी इथं हाओ म्हणून." गस्तीवर जोडीदाराला काही झालं तर एकाला तिथेच सोडून दुसऱ्याने रेंज मिळेपर्यंत चालत जायचं, ही त्यांची आजची सोय. जंगलात सर्वांत आधी ही सेवा कोणाला मिळावी, याबद्दल माझ्या मनात तेव्हापासून जराही शंका नाही.

पण जंगलाच्या कडेला असलेल्या वाडीचं वेगळं आहे. उपग्रहाचा एक झोत मोठ्या मुलखावर पसरतो आणि त्यातली क्षमता सगळ्यांत वाटली जाते. शंभर घरांचे व्हिडिओ आणि पोरांचा ऑनलाइन अभ्यास त्यावर निभणार नाही. ऑफिसात 'आता वरूनच येणार, इथे टॉवर कशाला' असं कोणी म्हणायच्या आत मी अहवालात ती वाडी टॉवरसाठी पहिल्या क्रमांकावर टाकली, आणि नाल्याचे काळे ठिपके वेगळ्या नकाशावर काढून सोबत जोडले.