कोचिंगसाठी बोट घ्यायची होती, त्या सकाळची गोष्ट

रोइंगच्या मुलांसोबत पाण्यात फिरून शिकवायला कोचिंगची नवी मोटरबोट घ्यायची होती म्हणून दोन बोटी ट्रायलला आणल्या होत्या. एक चार मीटरची, सपाट बुडाची, अल्युमिनियमची, दणकट आणि स्वस्त. दुसरी कॅटमरान, दोन लांब अरुंद हल, म्हणजे पाण्यावर तरंगणारे भाग, आणि मोटर मधोमध. खरं सांगायचं तर माझं मन पहिलीवरच होतं.

ती घेऊन एका ज्युनियर मुलीच्या सिंगलशेजारी, म्हणजे एकाच वल्हवणाऱ्याच्या अरुंद रेसिंग बोटीशेजारी, निघालो. सिंगल ताशी १२-१३ किमीने चालली होती, आणि नेमकी इथेच गडबड आहे. चार मीटरची बोट ९ किमीच्या आसपास स्वतःच्याच लाटेत अडकते, त्यापुढे नाक वर, बूड खाली आणि मागे ही मोठी लाट, आणि पाण्यावर उचलून पळायला लागणारा वेग अजून बराच लांब. म्हणजे रोइंगच्या वेगालाच ती सगळ्यात जास्त पाणी ढवळते. हे मला माहीत होतं, तरी तिला हात लवकर सोडतेयस हे सांगायच्या नादात मी एकदम थ्रॉटल कमी केला. मागची लाट आम्हाला ओलांडून पुढे गेली ती थेट तिच्या रिगरखाली, म्हणजे वल्हं धरणाऱ्या बाहेरच्या दांड्यांखाली. रेसिंगची सिंगल जेमतेम १४ किलोची असते हो! डावं वल्हं पाण्यात रुतलं आणि पोरगी पाण्यात.

मोटर बंद करून जवळ गेलो, तिने माझ्या बोटीचा काठ धरला, मी वाकलो तर अख्खी बोट आमच्या बाजूला कलली. तिची बोटं काठावर पांढरी पडलेली अजून दिसतात मला. शेवटी मी पलीकडे बसलो आणि ती मागच्या बाजूने चढली. "सर, माझं चुकलं का?" म्हणाली. नाही गं, माझं चुकलं.

दुपारी कॅटमरान काढली. त्याच वेगाला मागे नुसत्या सुरकुत्या, वळायला मात्र जागा जास्त लागते आणि वारा असला की बाजूला सरकते. पण मला आता फक्त लाट बघायची नव्हती. एका पट्टीच्या पोहणाऱ्याला लाइफ जॅकेट घालून मुद्दाम पाण्यात उतरवलं. मी बोटीच्या काठावर उभा राहिलो तरी बोट हलेना, पण डेक इतका उंच की त्याला काही चढता येईना. म्हणून ऑर्डर देताना पुढे, मोटरच्या पंख्यापासून लांब, पाण्यात उतरणारी शिडी लिहूनच घेतली. शिडीचे पैसे वेगळे पडले. ती नसेल तर बोट नको असं स्पष्ट सांगितलं.