आधी पाच, मग दोन: पहिलीच्या वर्गातले माझे सहा दिवस

मी सातवी-आठवीला गणित शिकवते. दुसरं सत्र सुरू झालं आणि पहिलीच्या बाई आजारी पडल्या. आठवडाभर त्यांचा वर्ग माझ्या गळ्यात आला. मुख्याध्यापकांनी सांगितलं तेव्हा मनात म्हटलं, चला, तेवढाच आराम. वाचन, लेखन आणि शंभरच्या आतले अंक, यात शिकवायचं ते काय?

सोमवारी मधल्या सुट्टीपर्यंत माझा घसा बसला होता. सातवीला मी फळ्याकडे तोंड करून उदाहरण लिहिते आणि वळते, तेव्हा वर्ग साधारण होता तिथेच असतो. इथे वळून बघते तर चौघं बाकावर नाहीत. दोघं पेन्सिलीला टोक करायला कोपऱ्यात, एक खिडकीत, एक माझ्या कोपराला खेटून उभी. "बाई, याने माझं खोडरबर घेतलं." "बाई, शू." "बाई, माझा दात हलतोय, बघा ना." चूक माझीच होती. "वही काढा, तारीख घाला, समास आखा आणि फळ्यावरचं उतरवून घ्या" असं मी एका दमात सांगितलं होतं. अर्ध्या वर्गाने वही काढली आणि शहाण्यासारखी वाट बघत बसली. उरलेल्यांनी फक्त शेवटचं ऐकलं होतं. ते वहीशिवायच उतरवायला निघाले होते. एका वेळी एकच गोष्ट सांगायची, ती झाली की पुढची, हे कळायला मला पूर्ण सोमवार लागला.

मंगळवारी भाषेचा तास. मुलांना अक्षरं येत होती, म्हणजे सुटी सुटी येत होती. शब्दात आली की गडबड. एक मुलगी 'घर'ला ठामपणे 'धर' म्हणायची. मी दोनदा दुरुस्त केलं, तिसऱ्यांदा तिच्या शेजारी बसले आणि तिच्या बोटाबरोबर माझं बोट फिरवलं. तेव्हा लक्षात आलं की घ आणि धमध्ये फरक असतो तो वरच्या रेघेत. घवर शिरोरेषा सलग असते, धवर ती तुटते आणि तिथे गाठ येते. म आणि भचंही तसंच. ही मुलगी अक्षर खालून बघत होती, पोट आणि दांडी. वरची रेघ तिच्या मते सगळ्यांनाच असते, तिच्याकडे कशाला बघायचं? मी फळ्यावर दोन्ही अक्षरं हातभर मोठी काढली आणि फक्त टोप्या रंगीत खडूने गिरवल्या. "हां, याची टोपी फाटलीय," ती म्हणाली. त्यानंतर आठवडाभर आमच्या वर्गात ध आणि भ 'फाटक्या टोपीचे' होते. पाठ्यपुस्तकात हे बसणार नाही, पण चाललं.

दुसरी एक मुलगी 'दिवस' लिहीत होती. ओठ हलवत "द... इ..." म्हणाली, द काढला आणि थांबली. वेलांटी द्यायची ती दच्या अलीकडे, आणि द तर समासाला चिकटलेला. तिने ती समासाच्या रेघेवर कशीबशी चेपून बसवली आणि मला विचारलं, "बाई, आधी द म्हणतो, मग इ म्हणतो. मग वेलांटी आधी का?" इतकी वर्षं मी ऱ्हस्व वेलांटी लिहिते आहे, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. "तशी रीत आहे," असं काहीतरी पुटपुटले. तिला ते पटलं नाही, आणि का पटावं? दीर्घ वेलांटी शहाण्यासारखी अक्षराच्या पुढे येते. ही एकटीच उलट्या दिशेने. एवढ्यात मागच्या बाकावरून 'चार चाकं' वाचताना कुणीतरी अडलं. चारमधला च वेगळा, चाकातला वेगळा, अक्षर मात्र एकच. आपण मराठी वाचताना किती गोष्टी न लिहिलेल्या वाचतो, हे कळायला पहिलीत बसावं लागतं.

बुधवारी गणित. हा तर माझा प्रांत. मी "पंचवीस लिहा" म्हटलं आणि बाकांमधून फेरी मारली. आठ-नऊ वह्यांत ५२.

पहिली प्रतिक्रिया मास्तरकीची: लक्ष नाही. पण तिसऱ्या बाकावरच्या मुलाने इतकं मन लावून, जीभ दातात धरून ५२ लिहिलं होतं, की लक्ष नाही असं म्हणवेना. मी विचारलं, "हे कसं लिहिलंस रे?" तो म्हणाला, "पंच. वीस." आणि 'पंच' म्हणताना त्याचं बोट पाचावर होतं, 'वीस' म्हणताना दोनावर. त्याने ऐकलं तेच, त्याच क्रमाने लिहिलं होतं. आपण बोलताना एकक आधी म्हणतो आणि लिहिताना दशक आधी लिहितो. जर्मन मुलांच्या वाट्यालाही हेच येतं, तिथेही पंचविसाला 'पाच आणि वीस' म्हणतात. इंग्रजीत वीस आधी, पाच नंतर, म्हणून तिथे हा घोळ विसाच्या पुढे होत नाही.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. स्टाफरूममध्ये हसणाऱ्यांत मीही होते, "आता बासष्टला साठ दोन म्हणायचं का" वगैरे. अजूनही मला बासष्ट टाकावंसं वाटत नाही, तो शब्द कानाला गोड आहे. पण त्या दिवशी ५२ लिहिलेल्या वह्या बघताना हसू आलं नाही एवढं खरं.

मग काड्या काढल्या. दहा-दहाचे गठ्ठे, रबर लावलेले, आणि सुट्या. 'वीस' म्हटलं की दोन गठ्ठे उचलायचे, 'पंच' म्हटलं की पाच सुट्या. गठ्ठे डावीकडे, सुट्या उजवीकडे, आणि अंक त्यांच्या खाली. हे करताना वेळ कसा गेला कळलं नाही. रबर तुटणं, काड्या सांडणं आणि एका गठ्ठ्यात अकरा निघणं यांत दोन तासिका खर्ची पडल्या. त्या अकराव्या काडीवरून दोघांत भांडण झालं. प्रत्येकाचं म्हणणं, ती दुसऱ्याच्या गठ्ठ्यातली आहे. शेवटी सगळे गठ्ठे सोडून पुन्हा मोजले. माझ्या नियोजनात हे नव्हतं, पण दहा म्हणजे दहाच, अकरा नाही, हे त्या भांडणाने जितकं ठसलं तितकं माझ्या फळ्याने ठसलं नसतं.

सगळ्यांनी मिळून मोजायला लागलो तेव्हा आणखी एक गंमत. "सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस," आणि अर्ध्या वर्गाने ठणकावून म्हटलं, "नव्वावीस!" मला इतकं आवडलं की क्षणभर दुरुस्त करायचंच विसरले. सत्तावीस, अठ्ठावीस, मग नव्वावीसच असायला हवं. आपण मात्र तिथे अचानक पुढच्या तिसाकडे बघतो आणि एक कमी करतो: एकोणतीस. एकोणचाळीस, एकोणपन्नास असं करत एकोणनव्वदपर्यंत जातो आणि नव्व्याण्णवला तोही नियम सोडून देतो. वर मुलांनी चूक केली म्हणायचं.

अंकांची तोंडं उलटी होणं हाही रोजचाच प्रकार. १ आणि ९, ३ आणि ६. यातही मला आधी आळस दिसायचा. पण खुर्ची डावीकडे तोंड करून ठेवली काय, उजवीकडे काय, ती खुर्चीच राहते. सहा वर्षांच्या आयुष्यात या मुलांना भेटलेली प्रत्येक वस्तू अशीच होती. तोंड फिरवलं की नाव बदलतं, हे पहिल्यांदा अंक-अक्षरांतच होतं.

गुरुवारचा फार काही सांगण्यासारखा नाही. दात पडला. खालचा, समोरचा. बेरीज चालू असताना. तो कागदात गुंडाळून सगळ्या बाकांवरून फिरला, आणि मग स्वतःचा हलणारा दात दाखवायला रांग लागली. बेरीज शुक्रवारवर गेली.

शुक्रवारी मी फळ्यावर लिहिलं: ७ = ४ + __. एक मुलगी म्हणाली, "बाई, उलटं लिहिलंय." बाकीच्यांनीही माना डोलावल्या. त्यांच्या लेखी बरोबरचं चिन्ह म्हणजे 'आता उत्तर लिहा' अशी आज्ञा. ती उजव्या टोकालाच येणार. दोन्ही बाजू सारख्या आहेत असं ते चिन्ह सांगतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. आणि मला माझी सातवी आठवली. समीकरण सोडवताना ५ + ३ = ८ + २ = १० असं एका ओळीत बिनदिक्कत लिहिणारी माझी मुलं. त्यांना मी वर्षानुवर्षं लाल पेनाने गोल करत आले, "नीट लिही" म्हणत. ती चूक माझ्या वर्गात जन्मलेलीच नव्हती, ती सहा वर्षं जुनी होती. मी पट्टी बोटावर तोलून धरली, दोन्ही टोकांना एकेक सारखीच काड्यांची जुडी ठेवली. पट्टी दोनदा पडली. तिसऱ्यांदा राहिली, तेव्हा कुणीतरी म्हणालं, "दोघं सारखे झाले." तेवढंच. चौघा-पाचांना कळलं असावं, बाकीच्यांना पट्टी पडणं जास्त आवडलं.

शनिवारी अर्धा दिवस. मी पुन्हा "पंचवीस" म्हटलं आणि मुद्दाम तिसऱ्या बाकापाशी जाऊन उभी राहिले. त्या मुलाने चौकटीत डावीकडे जागा सोडली, आधी ५ लिहिला, मग मागे येऊन रिकाम्या जागेत २. उत्तर बरोबर. मग "अडतीस". आधी ८, मग अलीकडे ३. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "बाई, हे असं सोप्पं आहे."

आपण डावीकडून उजवीकडे लिहितो, हे त्याला सांगावं की सांगू नये, मला ठरवता येईना. सोमवारी बाई परत येणार होत्या. त्यांच्यासाठीच्या वहीत मी लिहिलं: 'तिसरा बाक, पंचवीस लिहिताना आधी पाच लिहितो. टोकू नये.' थोड्या वेळाने 'टोकू नये' खोडलं. त्यांची पहिलीत अठरा वर्षं झाली आहेत, माझे सहा दिवस.