मी तिला ‘नको’ म्हटलं

गुरुवार, रात्र. मृग लागून आठवडा झाला तरी नुसती भुरभुर चाललीय.

दुपारी दादाच्या थोरलीचा फोन आला. मी भांडी घासत होते, हाताला साबण, म्हणून स्पीकरवर टाकला. “आत्या, कॉलेजला मुख्य विषय म्हणून, मेजरला, इतिहास ठेवू का गं?” तिचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं आणि मी म्हटलं, “नको.”

“बरं,” म्हणाली. मग वहिनीचा गुडघा, माडीवरची गळती, रविवारी ये ना, असं थोडं बोलणं झालं. दोन मिनिटांत फोन संपला.

वर्गात मुलांनी काही विचारलं की मी आधी दोन क्षण गप्प राहते. सरांनी लावलेली सवय. समोरचा नेमकं काय विचारतोय ते कळू दे, मग तोंड उघड, असं ते म्हणायचे. आज ते दोन क्षणही मी तिला दिले नाहीत. संध्याकाळपासून तेच डोक्यात फिरतंय. ‘नको’ म्हटलं याचं तेवढं नाही वाटत, ते इतकं तयार होतं याचं वाटतं. जणू गेली कित्येक वर्षं ओठांवर आणून ठेवलं होतं आणि कोणीतरी विचारायचीच वाट बघत होते.

कारणं नव्हती असं नाही. येत्या मंगळवारी पुन्हा मुलाखत आहे. ज्या वर्गाला मी सात वर्षं शिकवतेय त्याच वर्गावर पुन्हा घ्यावं की नाही याची मुलाखत. तासिका तत्त्व म्हणजे काय हे ज्यानं भोगलंय त्याला सांगायला नको. तास झाला तर पैसे. सुट्टी, परीक्षा, मुलांचा संप, गॅदरिंग, सगळं कोरडं. मे महिना तर धरायचाच नाही. आणि झालेल्या तासांचं बिल ‘निघेल’ तेव्हा निघणार. दिवाळीच्या आधीचे तास मला होळीला मिळालेत. कॉलेजात शिकवायच्या पात्रता परीक्षा, सेट झाली, नेट झाली, त्यांची प्रमाणपत्रं त्याच जुन्या प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये दर जूनला घेऊन जायची आणि बाकावर बसायचं. शेजारी मागच्या वर्षीचीच माणसं. आता आम्ही एकमेकांच्या मुलाबाळांची चौकशी करतो. जागा निघाली का, हे कोणी कोणाला विचारत नाही.

प्रबंधाचं नाव काढत नाही इथे.

एम.ए.ला आम्ही बावीसजण होतो. आज बसल्या बसल्या आठवत होते कोण कुठे आहे. दोघं पोलिसात गेले, त्यातला एक नाशकात फौजदार आहे. तिघी झेडपीच्या शाळेत लागल्या, त्याही बी.एड., टीईटी, मग शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर वर्षानुवर्षं ताटकळून. एकजण सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये इतिहास शिकवतो. त्याची कमाई माझ्या कितीतरी पट. भेटला तेव्हा म्हणाला, “मी सनावळी विकतो.” म्हणताना त्याचा चेहरा उतरला होता, ते मला अजून दिसतं. एकजण दिल्लीला संग्रहालयात आहे. एकीनं पुण्यात वाड्यांच्या, पेठांच्या पायी फेऱ्या सुरू केल्या. शनिवार-रविवार तिच्या मागे चाळीस माणसं असतात. बाकीच्यांचं नीटसं ठाऊक नाही. बँक, विमा, घरची शेती. आमच्यातला सगळ्यात हुशार गावी रोपवाटिका चालवतो. मागे फोनवर अर्धा तास डाळिंबाच्या तेल्या रोगावर बोलला, आणि मग शेवटी हळूच विचारलं, “इतिहास संशोधक मंडळात जातेस का गं अजून?”

ही सगळी नावं समोर धरली तर ‘नको’ म्हणणंच बरोबर ठरतं. थोरली हुशार आहे. तिनं माझ्यासारखं फोल्डर घेऊन बाकावर का बसावं? दादानं तिच्यासाठी काय काय केलंय हे मी बघितलंय. इतकं पटवूनही गळ्याशी अडकलेलं काही खाली उतरत नाही.

संध्याकाळी सहाला ते आजोबा आले. आधी फोन करून आले होते, कोरेगावकडचे. पिशवीत जुना कागद, मोडीतला, आणि तो लॅमिनेट केलेला. मला ते बघूनच कसंतरी होतं. कागद वाचावा म्हणून लोक प्रेमानं पैसे खर्चून प्लॅस्टिक चढवतात आणि त्यातच तो आतल्या आत पिवळा पडून तडकतो. आजोबांना तसं बोलले नाही. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत की ही इनामाची सनद आहे. चाळीस बिघे.

भिंग घेऊन खिडकीशी बसले. वळण चांगलं होतं, कारकून सराईत असणार. शके 1762, शार्वरी नाम संवत्सरे. खाली शुहूर सन, अरबी अंकशब्दांत लिहायची जुनी कालगणना, इहिदे आर्बैन मयातैन व अलफ. एक, चाळीस, दोनशे, हजार. 1241. त्यात 599 मिळवले की 1840. म्हणजे साताऱ्याच्या गादीवरून प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी काढलं त्याच्या पुढचं वर्ष. बोट ठेवून ठेवून वाचत गेले. इनामाचं नाव नाही. कर्जरोखा होता. 35 रुपये, व्याज दरमहा शेकडा दोन, आणि फिटेपर्यंत एक बैल सावकाराकडे तारण. बैलाचा रंगसुद्धा लिहिलेला. तांबडा, कपाळावर चांद.

आजोबा गप्प झाले. मला वाटलं, आता उठून जातील. पण तळाशी सह्यांच्या जागी मी थांबले होते ते त्यांनी बघितलं. “काय हाय तितं?”

तिथे दोन निशाण्या होत्या. लिहिता येत नसलं की कुणबी माणूस सहीच्या जागी नांगर काढायचा. इथे तो होता, जेमतेम तीन रेघांचा, पण रुमण्यासकट. आणि त्याच्या खाली एक गोल. बाजूला कारकुनानं लिहिलेलं, निशाणी बांगडी. बाईची सही. मुलानं कर्ज काढलं आणि आईनंही जामिनकीला हात लावला. गोल पुरता मिटलेला नव्हता. बोरू उचलताना हात थरथरला असेल किंवा शाई संपली असेल. तिचं नाव कारकुनानं घातलंय, मी इथे घालत नाही, ते त्या घरचं आहे.

आजोबांनी प्लॅस्टिकवरून त्या गोलावर अंगठा फिरवला. “म्हंजी आमची म्हातारी हिथं बसली व्हती,” म्हणाले. नातं नेमकं किती पिढ्यांचं ते आम्हांला दोघांनाही जुळवता आलं नाही. चहा घेतला, दोनशे रुपये ठेवले, मी शंभर परत केले. जिना उतरताना त्यांनी पिशवी छातीशी धरली होती. आले तेव्हा काखेत होती.

ते गेल्यावर दुपारचं ‘नको’ पुन्हा आठवलं, आणि या वेळी रडूच आलं. कारण त्या पाऊण तासात मंगळवारची मुलाखत माझ्या मनात एकदाही आली नव्हती.

2023 च्या दिवाळीतही असंच झालं होतं. मराठ्यांना कुणबी दाखले देण्यासाठी नेमलेल्या शिंदे समितीमुळे राज्यभर जुन्या कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं आणि एकाएकी मोडी वाचणाऱ्यांना जिकडून तिकडून फोन यायला लागले. मीही तहसीलच्या अभिलेख कक्षात जायचे. तोंडाला रुमाल, धुळीनं डोळे लाल. गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुकं, जन्म-मृत्यूच्या नोंदींची. शोधायचं एवढंच की जातीच्या रकान्यात ‘कुणबी’ किंवा नुसतं ‘कु’ आहे का, आणि नोंद 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीची आहे का. सापडलं की चिठ्ठी लावायची, पुढे जायचं. बाहेर लोक ताटकळत असायचे. कोणाचा मुलगा बारावीला, कोणाची भरती. त्यांच्यासाठी तो एकेक रकाना म्हणजे सगळंच होतं, आणि मी ते हलकं मानत नाही.

पण एका दुपारी 1918 चं बुक हातात आलं. ऑक्टोबर. एरवी त्या गावात महिन्याला चार-पाच मृत्यू, आणि इथे पानामागून पान. कारणाच्या रकान्यात एकच शब्द, ताप. ताप. ताप. पुढे पुढे कारकून तोही लिहीत नाही, नुसत्या टिंबांच्या ओळी खाली सोडत जातो. एका घरचा बाप, तिसऱ्या दिवशी आई, पाचव्या दिवशी ‘मुलगी, नाव ठेवले नाही’. इन्फ्लुएंझाच्या साथीवर मी परीक्षेत दहा गुणांचं उत्तर लिहिलेलं आहे, पैकीच्या पैकी मिळवलेले. तेव्हा मला त्यातलं काय कळलं होतं?

“मॅडम, पुढचं पान,” शेजारचा मुलगा म्हणाला. पान उलटलं.

त्या दिवसांत मनात एक सल होता की आपण शिकलो ते दाखले शोधण्यासाठी का? सरांना फोनवर बोलून दाखवलं. ते म्हणाले, पेशवे दप्तर, पेशव्यांच्या कारभाराचे ते सगळे कागद, कशासाठी जपलं गेलं असं तुला वाटतं? खरंच की. 1852 च्या कायद्यानं इनाम कमिशनला दात आले, आणि कोणाचं इनाम खरं, कोणाचं खोटं हे ठरवायला इंग्रज सरकारनं ते रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सांभाळले. अभ्यासकांना कित्येक दशकं आत पाऊलही टाकू देत नव्हते. इतिहासकार गो. स. सरदेसायांना दप्तर उघडून मिळालं ते बडोद्याची नोकरी संपल्यावर, पासष्टीच्या आसपास, आणि मग 1930 ते 1934 या चार-पाच वर्षांत त्यांनी 45 खंड काढले. इतिहास-संशोधक वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवायचे आणि शाळा सुटल्यावर पटवर्धन सरदारांचे कागद वाचायचे. इतिहास हा पगार देणारा धंदा त्यांच्यातल्या कोणाचाच नव्हता. याचा अर्थ आम्हांला पगार नसला तरी चालेल असा मी होऊ देणार नाही; शिकवलेल्या तासाचे पैसे वेळेवर मिळालेच पाहिजेत. पण कागद तंट्यासाठी जपला गेला म्हणून त्यातली बांगडी खोटी होत नाही. तेव्हा हे मला पटलं होतं. मग दुपारी हे सगळं कुठे गेलं होतं?

आत्ता लिहिताना अण्णा आठवले. बारावीचा निकाल लागला होता, मला सायन्सला शहाऐंशी टक्के, आणि मी म्हटलं इतिहास घेणार. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली ती हातात उलथनं घेऊन. काका म्हणाले, पोरीचं वाटोळं. अण्णा पायरीवर बसून चपलेचा अंगठा शिवत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, “का गं?”

मी सांगत सुटले. आमच्या विहिरीवरच्या दगडावर अक्षरं आहेत ती कोणालाच वाचता येत नाहीत, पाटलाच्या वाड्यात पेटी आहे, आजी जात्यावर म्हणते त्यातल्या गावांची नावं आता कुठे सापडत नाहीत, असं काय काय. अंधार पडला. चप्पल शिवून झाली तरी ते तिथेच बसून होते. शेवटी म्हणाले, “मग घे की.” पुढचं, ते गेले त्या वर्षीचं, आज नको.

मी थोरलीला ‘का गं’ विचारलंच नाही. दिवसभर घशाशी अडकलंय ते हे. नको म्हणायला माझ्याकडे फोल्डरभर कारणं होती आणि तिच्याकडचं एकही मी ऐकलं नाही. तिनं फोन केला तो वहिनीला नाही, दादाला नाही, मला. काहीतरी दिसलं असेल तिला. एखादं नाणं, एखादा शिलालेख, नाहीतर नुसत्या कोणीतरी चांगल्या बाई असतील शाळेत. किंवा गुण कमी पडले म्हणून दुसरीकडे मिळत नसेल, तेही असू शकतं. मग बोलणं वेगळं होईल.

रविवारी दादाकडे जायचंच आहे. साडेसहाची एसटी पकडली तर नवाच्या आत पोचते. जाताना बिलांची वही नेणार. कोणत्या महिन्याचे किती तास, पैसे कधी आले, सगळं तारखेनिशी लिहिलेलं आहे. ते तिला दाखवायचं, लपवायचं काहीच नाही. आजोबांच्या कागदाचा फोटो त्यांना विचारूनच काढलाय, तोही दाखवीन. पण आधी तिला बोलू देईन.

पाऊस वाढलाय. आता पागोळ्यांचा आवाज येतोय. तिचा फॉर्म भरायची शेवटची तारीख विचारायची राहिली. उद्या सकाळी उठल्या उठल्या तेवढा मेसेज करते, रविवारच्या आत भरून मोकळी होऊ नये म्हणून.