खिडकीवरची चादर

आमच्या घरात दिवसा खिडक्यांवर सोलापुरी चादरी टांगलेल्या असतात. अतिनील किरणं काचेतूनही येतात, आणि भाचीला झिरोडर्मा पिगमेंटोसम आहे, म्हणजे उन्हाने झालेली इजा पेशींना दुरुस्त करता न येणारा जन्मजात आजार. दोन वर्षं आम्ही उन्हाचे वांग समजून मलमं लावत राहिलो. आठवलं की अजून पोटात तुटतं.

उन्हाने डीएनएमधली शेजारची अक्षरं एकमेकांना चिकटतात. निरोगी पेशी तेवढा तुकडा कापून नवा भरते; वडील यंत्रमागावर तुटलेला धागा सांधायचे, तसं. १९६८ मध्ये जेम्स क्लीव्हर यांनी दाखवलं की या रुग्णांच्या पेशींत ही दुरुस्तीच नीट होत नाही. पुढची युक्ती मला फार आवडते. दोन रुग्णांच्या पेशी एकत्र जोडायच्या. दुरुस्ती सुरू झाली तर दोघांचे दोष वेगळ्या जनुकांत, नाही झाली तर एकाच. अशाने ए ते जी असे सात गट उलगडले, शिवाय एक निराळा प्रकार.

ताईने मामाच्या मुलाशी लग्न केलं. दोघांकडून भाचीला त्या जनुकाची एकेक सदोष प्रत आली. ती स्वतःला बोल लावते. मी जोडलेल्या पेशींची गोष्ट पुन्हा सांगतो.

गड्ड्याच्या जत्रेला आम्ही अंधार पडल्यावरच निघतो. यंदा पोरगी पाळण्यात तीनदा बसली.