पडवीतलं थुनेर

थुनेर म्हणजे हिमालयाकडचं एक सूचिपर्णी झाड. पहिलं थुनेर मी मायेनं मारलं. बेळगावकडच्या खानापूरच्या आमच्या परड्यात फणसाजवळ खड्डा काढला, शेणखत घातलं आणि जूनमध्ये लावलं. जुलै सरता सरता पानं पिवळी पडली, मग तपकिरी. मला वाटलं, पाणी कमी पडतंय! खानापूरच्या जुलैत! उपटून बघितलं तर मुळं काळी, चिमटीत धरली की साल सुटून यायची.

ते रोप भाच्यानं आणलेलं. फौजेत आहे, तेव्हा शिलाँगला होता. इंग्रजीत यू म्हणतात. त्याच्या ओळखीचे गढवाली जवान थुनेर म्हणायचे, म्हणून आमच्याकडंही थुनेरच. मी मागवलं, कारण नणंदेला केमोत पॅक्लिटॅक्सेल चढवत होते आणि नर्स म्हणाली, हे मूळचं झाडाच्या सालीतलं. घरी येऊन वाचलं. साल अमेरिकेतल्या पॅसिफिक यूची, आणि तिच्यातल्या द्रव्याची रचना 1971 मध्ये छापून आली, ती शोधणाऱ्यांत मनसुख वाणी, आपल्या नंदुरबारचे. नणंद म्हणाली, "म्हणजे माणूस आपल्यातलाच की!"

मधे एका नर्सरीवाल्यानं यू म्हणून पोडोकार्पस नावाचं दुसरंच झाड गळ्यात मारलं. त्याचं पान बोटभर लांब, मधोमध ठसठशीत शीर. थुनेरचं पान जेमतेम इंचभर, खालून फिकट. पोडोकार्पस मात्र फाटकाजवळ झकास वाढलाय. आपल्या हवेत ज्याला तसलं झाड हवंय त्यानं खुशाल तोच लावावा.

दुसरं थुनेर भाच्यानंच आणलं, ते कुंडीत ठेवलं. कुंडी इथलीच, भाजक्या मातीची, बाजूनं पाणी झिरपू देणारी. तळाला फुटक्या कौलांचे तुकडे, वर तांबडी माती, जाड वाळू आणि कुजलेला पालापाचोळा. खाली दोन चिरे, म्हणजे भोक मोकळं राहतं. सकाळचं ऊन दहापर्यंत, मग सावली. मे महिन्यात दोन बोटं माती सुकली की संध्याकाळी पाणी. पावसाळ्यात पडवीत, पण पागोळीपासून लांब. वर्षाला वीतभरही वाढत नाही. मालक म्हणतात, "एवढं काय जपायलीस? कढीपत्ता लाव."

खरी अडचण झाडाची नाही, त्याच्या बातमीची. 'कॅन्सरचं झाड' म्हणून गावभर झालं. जांबोटीकडनं एक गृहस्थ आले. बायको आजारी. "बाई, चार पानं द्या की. उकळून पाजतो." मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "तालीसपत्रच हाय न्हवं हे? दुकानात मिळतंय की." बाजारातल्या तालीसपत्रात यूची पानं मिसळलेली असतात, हे खरं, आयुर्वेदाच्या शास्त्रातलं तालीसपत्र मात्र हिमालयातल्या दुसऱ्याच झाडाचं. यूच्या पानात टॅक्सीन असतं, ते काळजावर चालतं, ठोका बिघडवतं. बीवरचा लाल गर सोडला तर मूळ, खोड, पान, बी सगळं विषारी. केमोचं औषध म्हणजे शुद्ध करून मिलिग्रॅममध्ये मोजलेलं द्रव्य. काढा म्हणजे त्यासोबत विषही, आणि माप कुणाच्याच हातात नाही. मी हे सगळं सांगितलं. ते ऐकत होते आणि कुंडीकडंच बघत होते. चहाला थांबले नाहीत. रात्री मला वाटत राहिलं, त्यांना मी कंजूष वाटले असणार.

दुसऱ्या दिवशी कुंडी आतल्या बाजूला घेतली. शेजारच्या म्हशीचं रेडकू परड्यात शिरतं आणि मूठभर पाल्यानंही जनावर दगावू शकतं. सुकलेली पानंसुद्धा तेवढीच वाईट, म्हणून छाटलेलं शेणखताच्या उकिरड्यावर न टाकता खोल पुरते, कातरी धुऊन ठेवते.

यंदा फुटवे चार आलेत, पोपटी. नर की मादी ते कळायला फुलावं लागेल, आणि मादी निघाली तरी जोडीदार शिलाँगला. मृगाच्या आत कुंडी पडवीत आली. मालकांची आरामखुर्ची बाहेर गेली, त्यावरून धुसफूस चालू आहे.