बोक्याच्या अंगठ्याचं नख

मालवण तालुक्यातल्या एका वाडीत गुरांच्या लाळ-खुरकुत रोगाचं लसीकरण चालू होतं. लस दोन ते आठ अंशांत राहायला हवी, वर ऊन रणरणतंय, आणि गुरं चरायला सुटायच्या आत घरं उरकायची. अशा दिवशी 'मॅडम, जाता जाता ह्याही बघा' हे वाक्य मला सगळ्यात नकोसं असतं. खळ्यात म्हशीला टोचून तिच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी नंबर टिपत होते, तेवढ्यात घरच्या काकी तेच म्हणाल्या. "आमचो बोको लंगडता. माशाचो काटो भरलो असतलो."

बोका पडवीत पोत्यावर बसला होता. चांगला म्हातारा, तेरा-चौदा वर्षांचा तरी. पुढचा उजवा पाय टेकवत नव्हता. काकींनी पंजाला मुठेल चोळलं होतं, म्हणजे आपलं कोकमाचं तेल. त्याने काही बिघडत नाही. शेजारच्यांनी फिनेल लावायला सांगितलं होतं आणि दुखू नये म्हणून पॅरासिटामॉलची पाव गोळी द्यायलाही. काकींनी दोन्ही केलं नाही हे नशीब. फिनेल मांजराला विषारी, अंगावर लावलेलं ते चाटूनच पोटात घेतं. आणि पॅरासिटामॉलचा निचरा करायची सोयच त्याच्या यकृतात नीट नसते, थोडक्यानेही मांजर दगावतं.

टॉवेलात गुंडाळून फक्त तो पाय बाहेर काढला. काटा कुठेच नव्हता. आतल्या बाजूचं अंगठ्याचं नख वाढून, पूर्ण वळसा घेऊन, माशाच्या जबड्यात गळ रुतावा तसं त्याच बोटाच्या मऊ गादीत घुसलं होतं. भोवतीचे केस चिकटलेले, बोटाने जरा दाबलं तर पू आला. वासावरून दुखणं जुनं असणार.

मांजराच्या पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार, अशी साधारण अठरा नखं असतात. चालताना अंगठा जमिनीला लागत नाही, त्यामुळे त्याचं नख एरवीही कमीच झिजतं. तरणं मांजर ओरबाडून सगळ्याच नखांची वरची जुनी टरफलं काढून टाकतं. ह्या बोक्याचा माड ठरलेला होता, बुंध्यावर जुने ओरखडे अजून दिसत होते. "आता खय जाता थय," काकी म्हणाल्या. म्हातारपणी सांधे आखडतात, ओरबाडणं बंद होतं, टरफलावर टरफल साचून नख जाड आणि वाकडं होत जातं.

माझ्या पेटीत गुरांच्या खुरांची हत्यारं. घरातलं माणसाचं नेलकटर ह्या जाडीपुढे चाललं नसतं, नख चिरफळलं असतं. शेवटी टाके कापायच्या कात्रीने वळणावरच तुकडा पाडला आणि रुतलेलं टोक चिमट्याने त्याच्याच वळणाच्या दिशेने ओढून काढलं. बोक्याने सगळ्या वाडीला ऐकू जाईल असा सूर लावला आणि मागचा पाय सोडवून काकींच्या नातवाच्या मनगटावर ओढला. रक्त आलं. बोका मोकळा फिरणारा, त्याला रेबीजची लस कधी दिलेली नाही. बोक्याला काकींकडे देऊन मी आधी पोराला नळाखाली बसवलं: साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. मग प्राथमिक आरोग्य केंद्र, त्याच दिवशी. 'घरचंच माजर' हे कारण मी ऐकून घेत नाही.

जखम धुऊन पोव्हिडोन आयोडीन लावलं, अँटिबायोटिक दिलं आणि दुसरा पंजा पाहिला. तिकडचं अंगठ्याचं नखही गादीला टेकलेलं होतं, अजून आत गेलं नव्हतं इतकंच.

"नखा कायमची काढूक येतत मा?" पोराने नळाखालूनच विचारलं. त्याचा राग मला कळत होता. पण तशी शस्त्रक्रिया म्हणजे नख उपटणं नव्हे, प्रत्येक बोटाचं शेवटचं हाडच छाटावं लागतं. मी ती करत नाही.

काकींची शंका वेगळी होती. "माजराची नखा कोण कापता गो? कोणी ऐकला तर हसात." मग त्यांच्याच हाताने दुसऱ्या पंजावर करून घेतलं. बोट वरून-खालून हलकं दाबलं की नख बाहेर येतं. उजेडात धरलं की मुळाकडे गुलाबी नस दिसते, तिच्या अलीकडे थांबायचं, फक्त टोकाचा आकडा उडवायचा. काळ्या नखात नस दिसत नाही, तिथे आणखी कमी. साधी नखं नेलकटरने चालतात, पण धार हवी, म्हणजे नख चपटं होऊन फाटत नाही. रक्त आलंच तर कॉर्नफ्लॉवर लावून कापसाने दाबून धरायचं. मांजर वैतागलं की सोडून द्यायचं, उरलेली उद्या. मानगूट धरून सगळी एका बैठकीत उरकणारे लोक पुढच्या वेळी मांजर पकडू शकत नाहीत, हे मी बरंच पाहिलंय.

ह्या सगळ्यात लसीच्या पेटीतला बर्फ निम्मा झाला होता आणि पुढच्या घरचा पाडा दावं तोडून पळाला होता.

नंतर त्या वाडीत पुन्हा जाणं झालं तेव्हा गादी भरून आली होती. नखं आता नातू कापतो, बोका बांगड्याच्या डोक्यात गुंतलेला असताना, एका वेळी दोन-तीन. अंगठ्यांपासून सुरुवात करतो.